गल्लीचं माप

कपडे विकत घेणं हे काम मी आयुष्यात फारसं केलेलं नाही. ते माझ्याकडे येत गेले. लहानपणी वडील दिवाळीला एकाच ताग्यातून आम्हा भावंडांचे शर्ट, उरलेल्यातून खिडकीचे पडदे आणि त्यातूनही उरलं तर उशांचे अभ्रे शिवून घेत, त्यामुळे मी खिडकीशी उभा राहिलो की आईला सापडत नसे. पुढे लग्नात सासऱ्यांनी सफारीचं कापड दिलं. नंतरचा सगळा कारभार हिच्याकडे गेला. आणि पन्नाशी ओलांडल्यावर, कसं कोण जाणे, फुकट टी-शर्टांचा ओघ सुरू झाला. रक्तदान शिबिराचा टी-शर्ट, कुणाच्या तरी विम्याच्या मेळाव्याचा टी-शर्ट, शेजाऱ्याने धावलेल्या आणि धुतल्यावर त्याला न झालेल्या मॅरेथॉनचा टी-शर्ट, आणि छातीवर ‘मजबुती’ असं लिहिलेला एका सिमेंटचा टी-शर्ट, जो अंगात कणकण असली की मी हटकून घालतो. मला काही आवडनिवड आहे, असा संशय माझ्या कपाटाला कधी आलेला नाही.

तर अशा माणसाच्या पोटी फॅशन डिझाइन शिकणारी मुलगी जन्माला आली. यंदा तिला कॉलेजात प्रकल्प करायचा होता: गल्लीबोळांतली, वस्त्यांमधली माणसं मिळून रस्त्यावरची फॅशन कशी घडवतात. तिच्या भाषेत स्ट्रीटवेअर. मी म्हटलं, यात अभ्यास कसला? आम्ही चाळीतून बाहेर पडताना आई मागून ओरडायची, “अरे, बनियनवर शर्ट तरी चढव!” तो शर्ट म्हणजे स्ट्रीटवेअर. ती हसली नाही. तिने कोशिंबीर माझ्या हाताला लागणार नाही इतकी लांब सरकवली आणि मला शांतपणे समजावलं, की गल्लीतली पोरं काहीतरी घालायला लागतात, कारण तेवढंच परवडतं, किंवा कामाला तेच टिकतं, किंवा पलीकडच्या गल्लीपेक्षा वेगळं दिसायचं असतं. मग ते गाण्यात येतं, गाण्यातून दुकानात येतं, आणि दुकानात आलं की गल्लीतल्या पोरांना परवडेनासं होतं.

मग तिने ब्रॉन्क्सची गोष्ट सांगितली. ब्रॉन्क्स हा न्यूयॉर्कचा एक भाग. तिथे १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावरच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने इमारतीच्याच हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०, आणि रेकॉर्डी वाजवायला घरचाच माणूस, थोरला भाऊ क्लाइव्ह, ज्याला जग पुढे डीजे कूल हर्क म्हणायला लागलं. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीचा धरतात. आणि पार्टी कशासाठी, तर शाळा सुरू व्हायच्या आधी सिंडीला नवे कपडे घ्यायचे होते!

मी हातातला घास खाली ठेवला. “म्हणजे वर्गणी?”

“वर्गणीच, बाबा.”

त्या क्षणी मला हा विषय आतून कळला. सोसायटीचा हॉल, भावाचा स्पीकर, आणि दारात पैसे घेणारी पोरगी. यात मला परकं काही दिसेना. आमच्याकडे फक्त पावती दिली असती. मी म्हणालो, “या प्रकल्पात मी तुला मदत करणार.”

“नको,” असं दोघी एकदम म्हणाल्या. आमच्या घरात एकमत इतक्या लवकर क्वचितच होतं.

पण स्फुरण चढलेल्या माणसाला थांबवणार कोण? इतर मुलं स्ट्रीटवेअरचे फोटो काढतील, मी ते अंगावर घालून अनुभव सांगेन, असा माझा विचार. सुरुवात बुटांपासून केली. न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्स भागातल्या हॉलिस वस्तीतले तिघं, रन-डीएमसी, बिनलेसचे आदिदास घालून गायचे. वस्तीत पोरं जे घालत तेच त्यांनी स्टेजवर घातलं, भाडोत्री झगमग केली नाही. १९८६ मध्ये त्यांनी त्या बुटांवरच गाणं काढलं, आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात सांगितल्याबरोबर हजारो श्रोत्यांनी आपापले बूट डोक्यावर उंच धरले. कंपनीचा माणूस तिथे हजर होता. त्याने ते दृश्य पाहिलं, आणि पुढे कंपनीने त्या तिघांशी करार केला.

माझ्याकडे आदिदास नव्हते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून घेतलेले आणि त्यामुळेच नवेकोरे राहिलेले बूट होते. मी त्यांच्या लेस ओढून काढल्या. दिवस कैरीच्या लोणच्याचे. हिने त्या उचलून बरणीच्या दादऱ्याला बांधल्या आणि परतीची वाट बंद केली.

डोंबिवली स्टेशनावर सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढण्यासाठी माणसाला स्वतःचे पाय लागत नाहीत, हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. मागचे लोक ते काम आपुलकीने करतात. तसा मी त्या दिवशीही डब्यात गेलो. डावा बूट गेला नाही. तो फलाटावर शांत उभा होता आणि मी दाराच्या तिसऱ्या रांगेतून मान वळवून त्याच्याकडे बघत होतो, तेवढ्यात कुणा परोपकारी तरुणाने “काका, बूट!” असं ओरडून तो उचलला आणि सुटत्या गाडीत अचूक भिरकावला; फक्त गाडी तोवर पुढे सरकली होती, म्हणून तो माझ्या डब्यात न येता मागच्या, बायकांच्या डब्यात गेला. डोंबिवली ते ठाणे आम्ही एकाच गाडीने पण स्वतंत्र प्रवास केला. ठाण्याला मी एका पायात मोजा असा उतरून त्या डब्याच्या खिडकीशी गेलो आणि “इथे एक डाव्या पायाचा…” असं सुरू करतो, तोच आतून एका बाईंनी बुटाची टाच दोन बोटांत धरून तो गजांपाशी उंच केला, “कुणाचा हो हा?” मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो बूट उंचावले होते. ठाण्यात एकच.

यानंतर मी काही दिवस सँडल घालून गेलो आणि वाचनावर भर दिला. आपल्याकडची मंडळीही काही मागे नाहीत. कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन यांचं ‘मेरे गली में’ २०१५ मध्ये आलं, त्याच सुमारास धारावीत पोरांना फुकट हिप-हॉप शिकवणारी शाळा उघडली, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमा आला, आणि पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतून आलेल्या एमसी स्टॅनने २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकलं, तेव्हा त्याच्या बुटांची किंमत माझ्या बहिणीलासुद्धा पाठ होती, जिला माझा वाढदिवस आठवत नाही. यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे ही पोरं आपला पिन कोड मिरवतात. कुर्ला ४०००७०, म्हणून ‘बॉम्बे ७०’, अंधेरीवाल्यांचं ५९. ज्या पत्त्यापायी कुणी उधार देत नाही, तोच पत्ता छातीवर! मला भरून आलं. मी स्टेशनजवळच्या छपाईवाल्याकडून एका पांढऱ्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत ‘४२१२०१’ छापून घेतलं आणि घरी येऊन हिच्यासमोर उभा राहिलो. तिने चष्मा लावला, नीट वाचलं.

“खाली फोन नंबरही घाला,” ती म्हणाली. “हरवलात तर लोक आणून देतील.”

जीन्ससाठी मी उल्हासनगरला गेलो. तेही विषयाला धरूनच होतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, १९४९ मध्ये त्या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं, तरी लोक अजून पत्ता सांगताना कॅम्प नंबर अमुक असाच सांगतात; आणि ज्यांनी सगळं मागे टाकलं होतं त्यांनी तिथे जे जे विकलं जाईल ते ते शिवायला घेतलं. त्यातून जीन्सचा एवढा मोठा धंदा उभा राहिला, की जीन्स धुण्याच्या कारखान्यांच्या पाण्याने वालधुनी नदी कुठल्या रंगाची वाहायची यावरून सीझन ओळखता यायचा. (हा विनोद नाही. काठावर राहणाऱ्यांना तर मुळीच नाही.) उल्हासनगरी मालावरच्या ‘यूएसए’चा खरा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद मात्र माझ्या लहानपणापासूनचा आहे आणि तो मला पहिल्यांदा सिंधी मित्रानेच सांगितला होता.

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, “अंकल, कम्फर्ट फिट दाखवू? इलॅस्टिकवाली?” मी ताठपणे म्हणालो, “बॅगी.” अमेरिकेतल्या वस्त्यांत धाकट्याला थोरल्याच्या पँटी मिळत, म्हणून ढगळपणा रुळला, असं एक सांगणं आहे, आणि थोरल्या भावाच्या पँटीत माझं अख्खं बालपण गेलेलं असल्यामुळे हा पोशाख मला जन्मसिद्ध वाटत होता. त्या पँटीत मी आणि आणखी एक होतकरू माणूस मावलो असतो. खिसे इतके खोल, की फोन वाजला तो गुडघ्यापाशी. भर गर्दीत मी वाकलो, खांद्यापर्यंत हात घातला, तरी पोहोचेना, पुढचे गृहस्थ म्हणाले, “काका, पाया कशाला पडताय? सीट अशीच देतो.” मी बसलो. ती जीन्सची एकमेव कमाई. मग पाऊस आला. खालचा घेर रस्त्यावरचं पाणी पिऊ लागला, ते पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं, तिथून गुडघ्यापर्यंत, आणि स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या, रिक्षा स्टँड, आमचा जिना असं सगळं सारवत मी दारात पोहोचलो, तर हिने मला उंबऱ्यावरच थांबवलं. “तसेच माळ्यावर चढून एकदा फिरून या,” ती म्हणाली, “तिथला केर बरेच दिवस राहिलाय.”

मधे एक जर्सी आली आणि गेली. आमच्या ऑफिसातले एक सहकारी कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांपैकी एका गावचे, आगरी, आणि टेनिस क्रिकेटचे भक्त. त्यांच्या गावच्या संघाची जर्सी लांब बाह्यांची, चकचकीत पॉलिस्टरची, जिथे कापड दिसेल तिथे काहीतरी छापलेली: छातीवर ग्रामदैवताच्या आशीर्वादाने खेळणाऱ्या संघाचं नाव, बाहीवर चिकन सेंटर, पोटावर रेती-सिमेंट पुरवणारे, आणि पाठीवर खेळाडूचं गावातलं नाव, जे आधार कार्डावर कधीच नसतं. ठाणे-रायगडच्या गावांत पोरं ही जर्सी हळदीत घालतात, बाजारात घालतात, वरातीच्या पुढे नाचताना घालतात. मैदान नुसतं निमित्त. असल्याच टेनिस चेंडूच्या क्रिकेटची लीग २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाली आणि सिनेनट संघांचे मालक झाले, तेव्हा माझे सहकारी नुसते “आता कळलं का?” एवढंच म्हणाले. एका खेळाडूने ऐन वेळी गाव बदलल्यामुळे त्याची जर्सी उरली होती. ती मला मिळाली. पाठीवर लिहिलं होतं ‘वादळ’. पॉलिस्टरमध्ये लोकलच्या गर्दीत माझा पार काढा झाला, कोपऱ्याला टेकून, डोळे मिटून उभा असताना मागून एक आजोबा हळूच म्हणाले, “वादळ, जरा सरकता का? मला मुंब्र्याला उतरायचंय.”

आता गोविंदा. इथे मला जरा बसून सांगायला हवं.

टी-शर्ट हा गोविंदा पथकाचा सगळ्यात मोठा खर्च नसला, तरी सगळ्यात मोठा प्रश्न असतो. गुरुपौर्णिमेपासून पोरं रात्री सराव करतात. थर कोण लावणार, एक्का कोण चढणार हे ठरतं. पण टी-शर्ट कोण देणार, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत नाही. पुढे छातीवर मंडळाचं बोधचिन्ह. मागे मात्र देणाऱ्याचा फोटो, हात जोडलेला, हसरा, पाठभर. त्या दिवशी टेम्पोतून, बाइकवरून पथकं निघाली, की रंगावरून लांबूनच कळतं कोण कुठल्या गल्लीचं. हजारोंच्या गर्दीत पाय ठेवायचा तो आपल्याच रंगाच्या खांद्यावर. मुलीने हे सगळं व्यवस्थित लिहून घेतलं होतं. मला विचारलं असतं, तर मी हेही सांगितलं असतं की आमच्या गल्लीचं आणि मागच्या गल्लीचं मंडळ मुळात एकच होतं, ते अध्यक्षपदावरून फुटलं, आणि तेव्हापासून मागच्या गल्लीचा रंग पोपटी असून आमच्या गल्लीत कुणी पोपटी साडीसुद्धा वाळत घालत नाही.

दहीहंडीच्या दिवशी सकाळी घरभर दोऱ्या आणि दोऱ्यांवर दमट कपडे. त्यात कोरडं असं एकच वस्त्र निघालं: मागच्या गल्लीच्या रक्तदान शिबिरात बाटलीभर रक्त आणि एक केळं यांच्या बदल्यात मिळालेला टी-शर्ट. पोपटी. घरात गोपाळकाला व्हायचा होता, विरजण बिघडलं होतं, आणि हिने मला कडीचा डबा देऊन दही आणायला पिटाळलं. आमच्या डेअरीत दही संपलं होतं. मागच्या गल्लीत होतं.

अर्धा किलो दही घेऊन वळलो, तर समोर हंडी बांधलेली, स्पीकर दणाणतायत, आणि पोपटी रंगाचा समुद्र माझ्या दिशेने येतोय. “अरे, काका आपलेच! या, या, मागून रेटा द्यायला माणसं कमी आहेत!” मी डबा दाखवला. “राहू द्या हातात!” म्हणाले. पुढच्याच क्षणाला मी सगळ्यात बाहेरच्या कड्यात होतो, माझे हात पुढच्याच्या पाठीवर, म्हणजे तिथल्या फोटोतल्या जोडलेल्या हातांवर, डबा काखेत, मान खाली, कारण चहूकडून “काका, मान खाली! काका, वर बघू नका!” असा एकच धोशा, वरून कुणी तरी बादल्या ओततंय, आणि माझ्या चष्म्यातून मला फक्त अनवाणी पावलं दिसतायत. दुसरा थर चढला. तिसरा चढला. माझ्या खांद्यावर एक पाऊल क्षणभर टेकून पुढे गेलं, आणि खरं सांगतो, ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण आपल्या आधारावर कुणी तरी वर जातंय असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं. चौथा थर. पाचवा. मी भावनेच्या भरात जरा जोर लावला. डब्याची कडी पुढच्याच्या बरगडीत घुसली.

तो फक्त दचकला. त्याच्या दचकण्याने शेजारचा दचकला. आणि ते दचकणं एका मागून एक थर चढत थेट एक्क्यापर्यंत गेलं.

कुणाला काही लागलं नाही, हे आधी सांगून टाकतो. पोरं सवयीने एकमेकांना झेलत खाली उतरली आणि लहानग्या एक्क्याला दोरी होती. मोठं नुकसान म्हणाल तर दह्याचं झालं. ते सगळ्यांत सारखं वाटलं गेलं. स्पीकरवरून निवेदक म्हणाला, “खालच्या थरातल्या काकांना विनंती आहे, त्यांनी कृपया डबा घेऊन बाहेर यावं. कुणी तरी काकांना बाहेर काढा. हळू. काकांना हळू काढा.”

आता घरी कुठल्या तोंडाने जायचं, या विचारात मी आमच्या गल्लीत शिरलो, डोक्यात दही, अंगात शत्रूचा रंग, आणि बघतो तर नाक्यावर आमच्या मंडळाची पोरं उभी. मी दोन पावलं मागे आलो. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सेक्रेटरी स्वतः पुढे येऊन माझा दह्याने भरलेला हात हातात घेऊन म्हणाले, “मानलं तुम्हाला! त्यांचाच टी-शर्ट घालून आत घुसलात! आम्हाला कुणाला नाही सुचलं.” मी खुलासा करायला तोंड उघडलं. कुणाला तो ऐकायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळाचा भगवा टी-शर्ट घडी घालून घरपोच आला, एक्सएल, सन्मानाने. इतकी वर्षं नियमित वर्गणी देऊन जो मिळाला नव्हता, तो घातपाताने मिळाला. मुलीने या प्रकारावर प्रकल्पात दोन पानं लिहिली आणि त्यात माझा उल्लेख ‘एक स्थानिक रहिवासी’ असा केला. हिने डब्याची वाकलेली कडी सरळ करून मागितली.

दिवाळीपर्यंत मी शांत होतो. पण डोंबिवलीत राहून नरकचतुर्दशीला फडके रोडवर जायचं नाही, हे शक्य आहे का? ज्या शहराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, जी पुढे ठिकठिकाणी पसरली आणि जिने नऊवारी, नथ आणि गॉगल घालून बुलेट चालवणाऱ्या मुली महाराष्ट्राच्या सवयीच्या केल्या, त्या शहराचं खरं फॅशनचं मैदान फडके रोड आहे. पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडून झालं, फराळ तोंडात टाकला, की अख्खी तरुणाई गणपती मंदिराच्या रस्त्यावर उतरते. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं, तिकीट नसतं. जायचं, दिसायचं आणि बघायचं. दहा जणांचा ग्रुप एकाच रंगाच्या कुर्त्यात, कुर्त्याखाली फाटकी जीन्स, खणाच्या कापडाचं जॅकेट, पैठणीच्या काठाचा स्कर्ट. पुढच्या वर्षी दुकानांत जे लागणार ते इथे आदल्या वर्षी मित्रमैत्रिणींना दाखवून झालेलं असतं.

मी या खेपेला पायापासून तयारी केली. कोल्हापुरी घेतली. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसलीच चप्पल कोल्हापूरचं नावही न घेता मिरवली, तेव्हा इकडे एवढा गदारोळ झाला की कंपनीला तिचा उगम मान्य करावा लागला. मुलगी म्हणाली, हे हार्लेममध्येही झालंय. डॅपर डॅन नावाच्या शिंप्याने १९८२ मध्ये १२५ व्या रस्त्यावर दुकान थाटलं, रात्रंदिवस उघडं, आणि ज्या बड्या कंपन्या वस्तीतल्या गिऱ्हाइकांकडे ढुंकून बघत नव्हत्या त्यांचीच चिन्हं कातड्यावर छापून रॅपरांना जॅकेटं शिवून दिली. कंपन्यांनी कोर्टकचेऱ्या करून १९९२ मध्ये त्याचं दुकान बंद पाडलं, आणि २०१७ मध्ये त्यातल्याच एका कंपनीने, गुच्चीने, त्याच्याच जॅकेटवरून जॅकेट काढलं. ओरडा झाला, मग भागीदारी झाली. मला यात चर्मकारांची आणि त्या शिंप्याची बाजू इतकी पटली, की मी कोल्हापुरी निष्ठेने चावू दिली. रात्री एरंडेल लावून ठेवली, ते फरशीला लागलं. त्यावर हिचं म्हणणं इथे लिहिण्यात अर्थ नाही.

तर कोल्हापुरी, कडक खळीचा पांढरा कुर्ता, वर जॅकेट, कपाळाला मंदिरातलं गंध, आणि डोळ्यांना नुकत्याच झालेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा गॉगल, असा मी फडके रोडवर उतरलो. आणि लोक चक्क वाट देऊ लागले! पोरं बाजूला झाली. एका गृहस्थांनी वाकून नमस्कार केला. जमलं, मी मनात म्हटलं. शेवटी गल्लीने आपल्याला स्वीकारलं. तेवढ्यात एका आजींनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, “बरं झालं भेटलात. आमच्याकडे पाणी सकाळी पाच मिनिटं येतं हो!”

पन्नाशी उलटलेला, पांढरा कुर्ता, काळा गॉगल, करकरणारी कोल्हापुरी: आमच्या गावात या पोशाखाचा अर्थ एकच होतो. इच्छुक उमेदवार. मी सांगायचा प्रयत्न केला. “मी तसा कोणी…” म्हटलं, तर त्यांना तो विनय वाटला. मग माझ्याने राहवलं नाही. नोकरीत सारा जन्म अर्ज घेण्यात गेलेला माणूस मी. खिशातलं पेन निघालं, लाँड्रीच्या पावतीच्या मागे आजींची इमारत आणि मजला टिपला गेला, आणि ते पाहून मागे रांग लागली. गटाराचं झाकण. रस्त्यावरचे दिवे. एकाची शेजाऱ्याच्या कबुतरांबद्दल तक्रार होती, तीही घेतली. शेवटी मागच्या गल्लीचे दोघं आले, माझा गॉगल मोठा असल्यामुळे त्यांनी मला ओळखलं नाही, आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, पुढच्या वर्षी हंडीला दीडशे टी-शर्टांचं बघा ना. पाठीवर तुमचाच फोटो टाकू. मोठा.”

“बघू,” मी म्हणालो. आवाज कुठून आला कोण जाणे, पण बरोबर आला.

हिने माझ्या हातातली पावती आणि पेन काढून घेतलं, तिथेच रांगेत उभं राहून सगळ्यात खाली एक ओळ लिहिली आणि ती पावती मला परत दिली. आमचाच पत्ता होता. मोरीतला नळ, गणपतीपासून गळतोय.